मंद्या, दुपारच्या आत खाली ये

मनाली,
१२ एप्रिल

प्रिय मंद्या,

तुझं पत्र परवा मिळालं. एप्रिलअखेर इथली हमटा खिंड, म्हणजे हमटाचा ट्रेक करायचा म्हणतोस, चौघं जण, गाइडशिवाय. आणि वर लिहितोस, "तोवर आकाश निळंभोर असेल, टेन्शन नाही." त्या एका वाक्यापायी हे लांबलचक पत्र.

गेल्या आठवड्यात सोलंगच्या वर आम्ही तिघं गेलो होतो. निघायचं पहाटे चारला. पण स्टोव्ह पेटेना, मग माझाच हातमोजा सापडेना, निघेस्तोवर साडेसात. जाताना बर्फ इतका कडक, की टाच आपटली तर टक् वाजायचं. साडेअकराला त्याच वाटेनं परतताना मांडीपर्यंत रुतलो. डावीकडच्या उतारावरून लाडवाएवढे गोळे घरंगळत होते, बर्फ गुंडाळत मोठे होत, मागे रेघ सोडत. दिसतं गोड रे! मी फोटोसाठी फोन काढला. बरोबरच्या इथल्या पोरानं दंडाला धरून ओढलं. खडकाआड पोचतो न पोचतो तोच मागचा अख्खा पट्टा सरकला. धडाडधूम काही नाही, डंपरमधून ओली वाळू ओतावी तसा आवाज. वेगही फार नव्हता. पण थांबल्यावर त्यावर कुऱ्हाड मारून पाहिली, तर सिमेंट. त्यात गाडल्या गेलेल्याला स्वतःचा हात हलवता येत नाही.

इथले लोक अशा हिमस्खलनाला नुसतं 'ग्लेशियर आला' म्हणतात, एसटी आली म्हणावं तसं.

आपली खोड सह्याद्रीची. दरडीला आपण पावसात भितो, ऊन पडलं की निवांत. इथे वसंतात ते उलटं. रात्री आकाश मोकळं असलं की बर्फ आपली ऊब सोडून गोठतो, कण एकमेकांना धरून बसतात. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं आणि पकड सुटते. आधी पूर्वेकडचे उतार, मग दक्षिणेचे, दुपारी पश्चिमेचे. रात्रभर ढग राहिले तर गोठणंच होत नाही. म्हणून तंबूबाहेर आलास की आधी टाच आपट. रुतली तर सरळ परत झोप, खिंड कुठे जात नाही.

उताराचंही तसंच फसवं. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे 'चढता येईल की' असं वाटतं नेमक्या तिथे. मोबाइलवर कोन मोजता येतो, मोज. आणि तू ज्यावर उभा आहेस तेवढाच नव्हे, डोक्यावरचाही. ४ एप्रिल २०२३ला सिक्कीममध्ये नाथुलाच्या रस्त्यालगत भरदुपारी सात पर्यटक गेले. ट्रेकर नव्हते, बर्फ बघायला आलेली माणसं.

असा पट्टा ओलांडायचा तर एकेकानं. बाकीच्यांनी आडोशाला थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. तुम्ही घोळक्यानं गप्पा हाणत चालता, मला माहितीय.

चौघांत मिळून एक फावडं नेतोयस म्हणे. ते तंबूभोवती चर खणायला का? ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे हवं. गाडलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुतेकदा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार उरत नाही. तेवढ्या वेळात मनालीहून कोण येणार? जे काय करायचं ते वरच्या तिघांनीच. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते रोज बघ. पण त्यात तुझ्या पायाखालचा उतार नसतो.

खरं सांगू? एजन्सीवाले हमटा जूनमध्ये सुरू करतात ते उगाच नाही. तरी एप्रिलच हवा असेल, तर तारीख कळव. हमटाच्या वाटेच्या सुरुवातीला, जोबऱ्याला तंबू टाकू, रात्री दोनला मी उठवीन. शिव्या देशील, दे.

येताना मेतकूट आण. इथला भात फार एकटा पडलाय.

तुझा,
दिग्या