शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र : मुलांना दुसरा ड्राफ्ट लिहू द्या

मा. शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी भाषा विषयाची शिक्षिका आहे, सहावी ते दहावीच्या वर्गांना शिकवते. हे पत्र लिहायचं कारण एकच. शाळेत मुलांकडून भरपूर लिहून घेतलं जातं पण लिहायचं कसं ते त्यांना क्वचितच कोणी शिकवतं, आणि हे बदलणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे कारण प्रश्न शेवटी वेळापत्रकाचा आणि मार्कांचा आहे.

आत्ता काय होतं बघा. फळ्यावर निबंधाचा विषय येतो, खाली पाच-सहा मुद्दे येतात आणि वही उद्या जमा करायची असते. मूल घरी जाऊन एका बैठकीत कसंबसं लिहितं नाहीतर गाईडमधून उतरवतं. टीचर तपासतात म्हणजे लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतात, शेवटी दहापैकी सहा, सही, तारीख. वही हातात आली की मूल मार्क बघतं, शेजारच्याचे मार्क बघतं आणि वही दप्तरात जाते, त्या निबंधाला परत कोणीही हात लावत नाही. पुढच्या महिन्यात नवा विषय, परत तेच. ह्यात मुलाला लिहायला शिकवलं असं नेमकं कुठल्या क्षणी म्हणायचं?

लिहिणारी माणसं खरंच कशी लिहितात ह्यावर बरंच संशोधन झालेलं आहे. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज ह्यांनी लोकांना लिहिता लिहिता मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलायला सांगितलं आणि त्यावरून १९८१ मध्ये मांडलं की ठरवणं, शब्दात उतरवणं आणि परत वाचून बदलणं ह्या पायऱ्या एकामागून एक येत नाहीत, लिहिणारा सतत मागे-पुढे जात असतो, दोन वाक्यं लिहितो, वाचतो, त्याला कळतं की आपल्याला वेगळंच म्हणायचंय, मग आधीचा बेतच बदलतो. कार्ल बेराइटर आणि मार्लिन स्कार्डामालिया ह्यांनी १९८७ मध्ये ह्याच्या पुढची गोष्ट सांगितली, की नवशिकं मूल विषयाबद्दल जे जे आठवेल ते आठवेल त्या क्रमाने लिहितं आणि आठवायचं संपलं की थांबतं, उलट सरावलेला माणूस लिहिताना आपला विचारच घडवत जातो. मुद्दे देऊन लिहून घेतलेले निबंध एकदा वाचून बघा, प्रत्येक मुद्द्यावर दोन वाक्यं आणि शेवटी एक सुविचार. मुलांना विचार करता येत नाही असं अजिबात नाही, हीच मुलं वर्गात वाद घालायला लागली की बघावं, कारणं देतात, उदाहरणं देतात, समोरच्याचं खोडून काढतात. कागदावर मात्र ह्यातलं काहीच उतरत नाही कारण पहिल्या फटक्यात ते कोणाच्याच उतरत नाही, आणि दुसरा फटका मारायची संधी आपण त्यांना कधी देतच नाही.

आता व्याकरणाबद्दल, कारण पालकांची आणि अधिकाऱ्यांची पहिली तक्रार तीच असते की मुलांचं व्याकरण कच्चं आहे, व्याकरणाचे तास वाढवा. मला व्याकरण आवडतं, मी ते शिकवते आणि शिकवत राहणार. पण फक्त व्याकरणाचे नियम सुटे शिकवून मुलांचं लेखन सुधारत नाही हे १९६३ मध्येच रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं सगळं संशोधन तपासून स्पष्ट लिहून ठेवलं होतं. नंतर २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन ह्यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेल्या प्रयोगांची एकत्र बेरीज मांडली. त्यात सगळ्यात जास्त परिणाम, ०.८२ (म्हणजे तसं शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या मुलांच्या लेखनातला फरक, शून्य असेल तर काहीच फरक नाही, उणे असेल तर शिकवलेली मुलंच मागे), दिसला तो बेत आखायच्या, लिहायच्या आणि दुरुस्त करायच्या युक्त्या उघडपणे टप्प्याटप्प्याने शिकवल्याचा, आणि तेवढाच सारांश लिहायला शिकवल्याचा. मुलांनी एकत्र बसून एकमेकांच्या लेखनावर काम करणं ०.७५. आणि सुटं व्याकरण शिकवणं? उणे ०.३२. ते प्रयोग इंग्रजीचे होते त्यामुळे प्रत्येक आकडा जसाच्या तसा दुसऱ्या भाषेला लागू होईल असा माझा दावा नाही, पण दिशा कुठली आहे ते ह्यातून पुरेसं कळतं.

ह्याच अभ्यासातली एक साधी गोष्ट आहे, वाक्यं जोडणं (परिणाम ०.५०), जी कुठल्याही वर्गात फळा आणि खडू एवढ्यावर करता येते. तीन वाक्यं द्यायची : पाऊस जोरात पडला. नदीला पूर आला. शाळा बंद राहिली. आता ह्याचं एक वाक्य करा. एक मूल लिहितं, "पाऊस इतका जोरात पडला की नदीला पूर येऊन शाळा बंद राहिली", दुसरं लिहितं, "शाळा बंद राहिली कारण जोराच्या पावसाने नदीला पूर आला होता". मग विचारायचं की दोन्हींत फरक काय, कुठल्या वाक्यात पाऊस मोठा वाटतो आणि कुठल्यात शाळा बंद असणं? इथे मुलं खरी भांडतात! आणि "इतका की", "कारण", "येऊन" ह्या सगळ्याचं व्याकरण तिथेच समजतं, वेगळा तास लागत नाही.

आता तपासण्याबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे. समजा एका टीचरकडे चार तुकड्या आहेत आणि प्रत्येकीत चाळीस मुलं, म्हणजे १६० वह्या. एक निबंध नीट वाचून दोन कामाच्या ओळी लिहायला दहा मिनिटं धरली तरी १६०० मिनिटं होतात, म्हणजे सव्वीस तासांच्या वर, एका निबंधाला! बाकीचे तास, पेपर, रजिस्टर, मीटिंग हे सगळं सोडून. मग टीचर "छान" किंवा "सुधारणा हवी" लिहून मोकळे होतात ह्यात त्यांचा आळस नाही, दिवसाला तास तेवढेच असतात. "सुधारणा हवी" वाचून मुलाने करायचं काय? त्याला हवं असतं ते असं, "मोबाईलमुळे अभ्यास होत नाही असं तू म्हणतोस पण का ते सांगितलंच नाहीस, एखादा प्रसंग टाक". आणि अशी सूचना सुद्धा तेव्हाच उपयोगी पडते जेव्हा ती वाचून परत लिहायचं असतं. निबंध संपल्यावर, मार्क पडल्यावर लिहिलेली सर्वात चांगली सूचना पण वाया जाते. रूथ बटलर ह्यांच्या १९८८ च्या प्रयोगात ज्या मुलांना फक्त शेरा मिळाला ती पुढच्या कामात सुधारली, ज्यांना मार्क मिळाले किंवा मार्क आणि शेरा दोन्ही मिळाले ती तशी सुधारली नाहीत. ती कामं निबंधाची नव्हती हे खरं आहे, पण मार्क दिसला की शेरा वाचायचा राहतो हे वह्या परत देणाऱ्या कुठल्याही टीचरला विचारा.

म्हणून माझी मागणी निबंध वाढवण्याची नाही, कमी करण्याची आहे. वर्षाला दहा-बारा विषय असतील तर ते चारवर आणा, पण प्रत्येक विषय वर्गातच दोनदा लिहिला जाऊ द्या. पहिल्या ड्राफ्टला मार्क नकोत. त्यावर आधी जोडीदार वाचेल आणि फक्त दोन गोष्टी सांगेल, कुठे कळलं नाही आणि कुठे अजून वाचायला आवडलं असतं (मुलांना हे शिकवावं लागतं, नाहीतर ती पण स्पेलिंगच शोधतात), मग टीचर एक सूचना देतील, आणि दुसऱ्या ड्राफ्टला मार्क देताना पहिल्यातून काय बदललं ते बघितलं जाईल. ह्यासाठी आठवड्यात एक जोडतास हवा, सुटा तास पुरत नाही, हजेरी होऊन मुलं लिहायला लागेपर्यंत बेल वाजते.

ह्याने अजून एक प्रश्न बराच हलका होईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हापासून घरून लिहून आणलेला निबंध मुलाचा आहे की नाही हे सांगणं कठीण झालंय, आणि ते पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे, ती चुकतात आणि स्वतः लिहिलेल्या मुलावर खोटा आळ येतो, त्याने लिहिणं कायमचं सोडलं तर जबाबदार कोण? पहिला ड्राफ्ट वर्गात, डोळ्यासमोर, पेनाने झाला आणि दुसऱ्यात काय बदललं ते मुलाला तोंडी विचारलं तर पकडापकडी करायची गरजच उरत नाही.

आणि हे फक्त भाषेच्या तासावर टाकू नका. विज्ञानाच्या टीचरनी प्रयोगानंतर "मला काय वाटलं होतं आणि काय झालं" एवढ्यावर पाच ओळी लिहून घेतल्या, इतिहासाच्या टीचरनी एका घटनेची दोन कारणं देऊन त्यातलं कुठलं मोठं ते लिहायला सांगितलं, तर सराव पण होतो आणि तो विषय पण पक्का होतो.

शेवटची गोष्ट टीचरच्या ट्रेनिंगची. आम्हाला लेखन कसं शिकवायचं ते स्लाइडवर दाखवतात, लिहायला कोणी बसवत नाही. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला जेम्स ग्रे ह्यांनी एक उपक्रम सुरू केला होता, त्यात उन्हाळ्यात शिक्षक एकत्र येऊन स्वतः लिहायचे, एकमेकांना वाचून दाखवायचे आणि आपल्या वर्गात काय चाललं ते दुसऱ्या शिक्षकांना शिकवायचे. तो पुढे देशभर पसरला. जो टीचर स्वतः फळ्यावर मुलांसमोर एक परिच्छेद लिहितो, अडतो, खोडतो, परत लिहितो, त्याच्या वर्गात मुलं खोडायला घाबरत नाहीत, हे मी बघितलंय. आत्ताच्या ट्रेनिंगमधले दोन दिवस तरी असे द्या.

हे सगळं लगेच सगळीकडे करा असं म्हणत नाही. पुढच्या वर्षी थोड्या शाळांमध्ये फक्त आठवीला हे करून बघा, चार विषय, जोडतास, दुसऱ्या ड्राफ्टला मार्क, आणि वर्षाच्या सुरुवातीचं आणि शेवटचं लेखन नावं झाकून बाहेरच्या शिक्षकांकडून वाचून घ्या. त्या शाळांच्या यादीत माझी शाळा असावी अशी इच्छा आहे, आणि आराखडा लिहून द्यायला मी कधीही तयार आहे.

आपली,
एक भाषा शिक्षिका