सर्पदंशातील रक्तचाचणी काचेच्याच नळीत हवी

संपादक महोदय,

पावसाळा लागला की सर्पदंशाच्या बातम्या येऊ लागतात आणि ‘विषामुळे रक्त गोठून मृत्यू’ हे वाक्य त्यांत हमखास असते. घोणस किंवा फुरसे चावलेल्या माणसाच्या बाबतीत बहुधा उलटे घडते. त्याचे रक्त गोठेनासे होते. बातमीतल्या एका चुकीसाठी पत्र लिहिले नसते, पण प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचा उतारा) द्यायचे की नाही हे ज्या चाचणीवर ठरते, ती याच गोष्टीवर उभी आहे आणि ती अनेकदा चुकीच्या नळीत केली जाते.

जखम झाली की आधी रक्तवाहिनी आकसते. फाटलेल्या कडेला उघड्या पडलेल्या कोलॅजन या तंतुमय प्रथिनावर प्लेटलेट चिकटतात, मग एकमेकींना धरतात आणि काही मिनिटांत तात्पुरते बूच तयार होते. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोहोचला, त्यामुळे रक्त थांबवणे म्हणजे प्लेटलेट असा समज पक्का झाला आहे. पण नुसत्या प्लेटलेट म्हणजे चुन्याविना रचलेल्या विटा. पक्की गुठळी बांधतात ते फायब्रिनचे धागे. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना घटक म्हणतात आणि ती क्रमांकाने ओळखली जातात. जखमी पेशींवरचे टिश्यू फॅक्टर नावाचे प्रथिन रक्तातल्या सातव्या घटकाशी जोडले जाते, ते दोघे दहाव्याला कामाला लावतात, दहावा पाचव्याच्या मदतीने प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करतो आणि थ्रॉम्बिनमुळे रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे न विरघळणारे धागे होतात. तेरावा घटक हे धागे एकमेकांत जखडतो. १०० मिलिलिटर प्लाझ्मामध्ये (रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात) फायब्रिनोजेन साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. साठा एवढाच.

घोणसचे विष या साखळीत मधेच शिरून दहाव्या आणि पाचव्या घटकाला थेट चेतवते. फुरशाचे विष एक पायरी पुढे जाऊन प्रोथ्रॉम्बिनलाच हात घालते. कुठे जखम नसताना रक्तभर थ्रॉम्बिन तयार होते, फायब्रिनोजेनचे बारीक धागे होत राहतात, शरीर ते विरघळवत राहते आणि काही तासांतच साठा रिता होतो. प्लेटलेटचा आकडा तेव्हा ठीकही असू शकतो. नंतर हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचल्या जागेतून रक्त येऊ लागते; मेंदूत रक्तस्राव झाला तर वेळच मिळत नाही. गंमत अशी की याच घोणसचे विष पाण्यात फार पातळ करून इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी १९३४ मध्ये हिमोफिलियाच्या (जन्मतःच रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी जखमेवर लावले होते. जखमेवर थेंबभर लावले तर ते रक्त थांबवते, शरीरभर पसरले तर गोठण्याची सामग्रीच संपवते.

साठा संपला की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या छोट्या टेस्ट ट्यूबमध्ये शिरेतून नुकतेच काढलेले २ मिलिलिटर रक्त घ्यायचे. नळी उभी ठेवायची, २० मिनिटे हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष रक्तात भिनले आहे असे धरून प्रतिसर्पविष सुरू करायचे. सुरुवातीला साधारण १० व्हायल, प्रत्येकी १० मिलिलिटरच्या.

काच का, याचे उत्तर बाराव्या घटकात आहे. काचेच्या पृष्ठभागाशी संपर्क आला की तो चेतून नळीतले गोठणे सुरू करतो. जखम भरून येण्यासाठी त्याची फारशी गरज नसते. जॉन हेगमन नावाच्या अमेरिकी रेल्वे कामगाराच्या रक्तात तो नव्हताच. त्याचे रक्त काचेच्या नळीत गोठायला फार वेळ घ्यायचे, पण त्याला रक्तस्रावाचा त्रास नव्हता आणि १९६८ मध्ये तो गेला तो फुप्फुसात अडकलेल्या गुठळीने. साध्या प्लास्टिकच्या नळीत किंवा सिरिंजमध्येच रक्त ठेवले, किंवा काचेची नळी साबणाने धुऊन परत वापरली, तर हा संपर्क नीट होत नाही. निरोगी रक्तही २० मिनिटांनी पातळच दिसते आणि गरज नसताना घोड्याच्या रक्तापासून बनवलेले प्रतिसर्पविष शिरेतून जाते, ज्याची तीव्र ॲलर्जी जिवावर बेतू शकते. जांभळ्या आणि निळ्या टोपणाच्या नळीत तर गोठणे रोखणारे रसायनच असते. लाल टोपणाची नळी हल्ली बहुधा प्लास्टिकची असते आणि तिच्या आत गोठण्याला चालना देणारा थर असतो. तिला २० मिनिटांचा हिशेब लागू नाही. हेपरिनने (गोठणे रोखणाऱ्या औषधाने) धुतलेल्या सलाइनच्या सुईतून रक्त घेतले तरी निकाल फुकट जातो. शंका असेल तर सोबतच्या निरोगी नातेवाइकाचे २ मिलिलिटर रक्त तशाच दुसऱ्या नळीत शेजारी ठेवावे. दोन्ही पातळ राहिली तर दोष नळीत आहे.

रक्त गोठले म्हणून रुग्णाला घरी पाठवू नये. पहिले ३ तास दर तासाला आणि पुढे २४ तास दर ६ तासांनी चाचणी करावी, कारण साठा अर्धवटच उतरला असेल तर चाचणीत ते कळत नाही. नाग आणि मण्यारच्या दंशात रक्त नेहमीसारखे गोठते. ते विष स्नायू लुळे पाडते, म्हणून तिथे पापण्या, गिळणे आणि श्वास पाहायचा. प्रतिसर्पविष दिल्यावर पुढची चाचणी ६ तासांनी, कारण यकृताला नवे घटक तयार करायला तेवढा वेळ लागतोच. व्हिटॅमिन के देऊन उपयोग नाही. यकृत घटक बनवत असते, विष ते संपवत असते. विष उतरण्याआधी नुसता प्लाझ्मा चढवला तर विषाला आणखी सामग्री मिळते. आणि दवाखान्यात शिरताच दंडात धनुर्वाताचे इंजेक्शन ठोकण्याची सवय घातक आहे. रक्त गोठत नसेल तर स्नायूत रक्ताचा गोळा होतो. गोठू लागल्यावर ते इंजेक्शन द्यावे, तेवढा उशीर चालतो.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. त्यासाठी प्रतिसर्पविषाच्या साठ्याची चौकशी होते, नळ्यांची क्वचित. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागणीपत्रात काचेच्या नव्या टेस्ट ट्यूबचे एक खोके मेअखेरीस असावे, आणि ते प्रयोगशाळेच्या कपाटात न ठेवता प्रतिसर्पविषाच्या फ्रिजजवळ, घड्याळाखाली ठेवावे. रात्री रुग्ण येतो तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप असते.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रत्नागिरी