कॅराव्हॅनचा थांबा सुरू करताय? आधी अर्थिंग तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) पर्यटनाचे धोरण आणले. पुण्या-कोल्हापूरहून गोव्याला किंवा बदामी-हंपीकडे निघालेल्या अशा गाडीची वाट बहुधा निपाणी, संकेश्वर, बेळगाव आणि गोव्यासाठी पुढे खानापूर तालुका अशी असते. चोर्ला रस्त्यावरचे शेतघरवाले आणि महामार्गाकडेचे लॉजवाले ‘गाडी लावा, लाईट-पाणी देतो’ म्हणत असतील तर ते चांगलेच आहे, आपल्या भागात चार पैसे येतील. पण खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर टाकला आणि बागेची नळी ताणून दिली म्हणजे थांबा तयार झाला, असे नाही. वीज, पाणी आणि मैला या तिन्ही जोडण्या करताना काय चुकते आणि का चुकते, ते जागामालकांनी आणि गाडीवाल्यांनीही नीट समजून घ्यावे म्हणून हे पत्र.

सर्वांत आधी अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत सोडणारी जोडणी, कारण जीव जातो तो इथे. कॅराव्हॅन म्हणजे रबरी टायरवर उभी असलेली पत्र्याची खोली. आतल्या गिझरचे कॉइल फुटले किंवा एखादी वायर घासून पत्र्याला टेकली की सगळी बॉडी फेजवर येते, म्हणजे तिच्यात वीज उतरते. आत बसलेल्याला याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याचा जमिनीशी संबंध तुटलेला असतो. बाहेरून ओल्या पायांनी येऊन जो दाराची मूठ धरेल, त्याच्या अंगातून करंट जमिनीत उतरतो. अशा वेळी एमसीबी (जास्त करंट गेला की लाईट तोडणारा स्विच) पडेल, म्हणजे आपोआप बंद होईल, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात ही समजूत फार धोक्याची आहे. इथला जांभा (लाल, सच्छिद्र दगड) पाणी धरून ठेवत नाही. पावसाळा सरला की वरचा थर कोरडा पडतो आणि जमिनीत पुरलेल्या एका जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपवर केलेल्या अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात सहज २० ओहमच्या वर जातो. हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टला २० ओहमने भागले की साडेअकरा अँपिअर येतात. एवढ्या करंटला १६ अँपिअरचा एमसीबी कधीच पडणार नाही. तो चालूच राहील आणि बॉडीही फेजवरच राहील.

यावर उपाय ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचा, म्हणजे करंट गळताच लाईट तोडणाऱ्या स्विचचा. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला नाही, एवढे तिला कळले की पुरे. अर्थिंगचा रोध शंभर-दोनशे ओहम असला तरी ती पडते. प्रत्येक गाडीच्या सॉकेटला स्वतंत्र आरसीसीबी आणि स्वतंत्र दोन-पोल एमसीबी हवा. चार गाड्यांना मिळून एकच बसवली तर एका गाडीच्या बिघाडाने चौघांची लाईट जाते, आणि मग वैतागून कोणीतरी ती बायपास करतो. दोन पोस्टांचे (सॉकेट बसवलेल्या खांबांचे) न्यूट्रल एकत्र जोडले, किंवा आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल अर्थला टेकला, तरी ती विनाकारण पडत राहते. अशा वेळी वायरमनने जोडणी सुधारावी, आरसीसीबी काढू नये.

आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायलाच हवे. मात्र ते बटण आतल्या आतच फरक निर्माण करते. ते दाबल्यावर आरसीसीबी पडली म्हणजे अर्थिंग आहे, असे सिद्ध होत नाही. अर्थची वायर पूर्ण तुटलेली असली तरी बटण आपले काम करून दाखवते. अर्थिंगची खात्री अर्थ टेस्टरनेच करून घ्यावी, आणि ती मोजणी एप्रिल-मेमध्ये करावी. पावसाळ्यात आलेला आकडा कामाचा नाही. जांभ्यात रोध उतरत नसेल तर दोन इलेक्ट्रोड (जमिनीत पुरलेले अर्थिंगचे पाईप) समांतर जोडावेत, दोघांत निदान एका इलेक्ट्रोडच्या लांबीएवढे अंतर ठेवावे आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरावे. ‘अर्थिंग लागत नाही’ म्हणून सॉकेटच्या अर्थ पिनला न्यूट्रलच जोडून देण्याची खोड काही ठिकाणी आहे. ती ताबडतोब थांबली पाहिजे. मागे कुठे न्यूट्रल तुटला की आतला एखादा दिवा जरी चालू असला तरी त्याच्यातून फेज थेट गाडीच्या पत्र्यावर येतो.

सॉकेट निळा, औद्योगिक प्रकारचा, तीन पिनांचा, १६ अँपिअरचा घ्यावा. घरातला १६ अँपिअरचा पॉवर प्लग यासाठी चालत नाही. तासन्‌तास पूर्ण लोड आणि वरून पाऊस, असे काम त्याला झेपत नाही. आधी पिना सैल होतात, मग तापतात, मग प्लास्टिक वितळते. निळ्या सॉकेटलाही झाकण असते. आमच्याकडच्या पावसात तो उघड्यावर असेल तर आयपी ४४ वर भागवू नये, आयपी ६७ घ्यावा (आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा). उंची जमिनीपासून अर्धा ते दीड मीटर, आणि गाडीपासून २० मीटरच्या आत.

आता लोड. १६ अँपिअर म्हणजे सुमारे ३,६८० वॉट. दीड टनाचा एसी सातेक अँपिअर घेतो. २,००० वॉटचा गिझर किंवा इंडक्शन पावणेनऊ. दोन्ही मिळून काठावर. त्यात किटली लावली की मर्यादा ओलांडली. पण मर्यादा ओलांडताच एमसीबी पडतो, असेही नाही. २३ अँपिअरलाही तो पडायला तासभर घेऊ शकतो, आणि तेवढा वेळ ती सगळी उष्णता केबलमध्ये साठते. म्हणून गुंडाळलेल्या रिळावर गाडी कधीही चालवू नये. पाच मीटरच लागत असली तरी पूर्ण २५ मीटर केबल सोडून ठेवावी. केबल तीन कोअरची, २.५ चौरस मिलिमीटर, लवचिक, रबरी आवरणाची. इतक्या लांबीला पूर्ण लोडवर सातेक व्होल्टची घट होते, ती चालते. दीड चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर घट बारा व्होल्टच्या आसपास जाते. लाईनवर आधीच १९० व्होल्ट असतील तर एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना अडतो आणि जळतो. हेस्कॉमची (आमच्या भागातल्या कर्नाटकच्या वीज कंपनीची) लाईन असो वा चंदगडकडे महावितरणची, पोस्टवर व्होल्टमीटर आणि कमी-जास्त दाबाला तोडणारा रिले हवाच. तो १८० च्या खाली आणि २६५ च्या वर तोडेल आणि पुन्हा जोडताना तीन मिनिटे थांबेल, असा लावावा. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या सॉकेटवर ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. तेव्हा हाच रिले गाडी वाचवतो.

जोडण्याचा क्रम असा. गाडीतला मेन बंद, पोस्टवरचा एमसीबी बंद. केबल आधी गाडीला, मग पोस्टला. त्यानंतर पोस्टचा एमसीबी चालू करून फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना, हे सॉकेट टेस्टरने पाहायचे, आणि शेवटी गाडीतला मेन. काढताना बरोबर उलट. फेज-न्यूट्रल उलटे असतील आणि गाडीत एक-पोल स्विच असतील तर स्विच बंद करूनही उपकरणात फेज उभाच असतो. सगळे चालू झाल्यावर बाहेर उभे राहून दाराच्या मुठीला टेस्टर लावून बघावा आणि मगच मुलांना चढू द्यावे. परदेशातून आणलेली गाडी १२० व्होल्टची आहे का, तेही विचारून घ्यावे. तसल्या गाडीला ट्रान्सफॉर्मरशिवाय जोडू नये.

पाण्याची गोष्ट थोडक्यात. आपल्याकडे टाकीची उंची दहा मीटर असेल तर दाब जेमतेम एक बार मिळतो, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते बोअरची मोटर किंवा प्रेशर पंप थेट नळीला जोडल्यावर. चार-पाच बारचा दाब आला की गाडीतले प्लास्टिकचे जोड सुटतात आणि फरशीखाली पाणी साचते. म्हणून नळावर प्रेशर रेग्युलेटर बसवून अडीच ते तीन बारवर ठेवावा. त्याच्या पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अत्यावश्यक आहे. नळाचे पाणी गेले की लाईन रिकामी होऊन उलटी ओढ घेते, आणि नळीचे टोक जिथे बुडाले असेल तिथले पाणी लाईनमध्ये शिरते. दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येणाऱ्या भागात हे नेहमीचे आहे. सर्वांत सुरक्षित पद्धत म्हणजे गाडीची टाकी भरून नळ बंद करणे आणि गाडीचा १२ व्होल्टचा पंप वापरणे. नळी पिण्याच्या पाण्याची, फूड-ग्रेड असावी. बागेच्या हिरव्या नळीतले उन्हात तापलेले पाणी वासानेच ओळखू येते. जोडण्याआधी नळ मिनिटभर मोकळा सोडावा.

बरेच दिवस उभ्या राहिलेल्या टाकीला क्लोरीन द्यावे लागते. १०० लिटर पाण्याला ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर, म्हणजे ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग). प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडावे, चार तास ठेवावे, मग सगळे काढून दोनदा खळबळून घ्यावे. ब्लीचिंग पावडर वापरायची तर २० ग्रॅम बादलीत कालवून वरचे निवळ पाणीच घ्यावे, चुन्याचा गाळ टाकीत जाऊ देऊ नये.

मैल्याच्या बाबतीत मात्र सगळ्यांनीच जास्त काळजी घ्यावी, असे आम्हाला मनापासून वाटते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि तिच्याच धरणाचे पाणी हुबळी-धारवाड पितात. मार्कंडेयेचे पाणी राकसकोपमधून बेळगावच्या नळाला येते. या डोंगरात रस्त्याकडेच्या ओढ्यात टाकी मोकळी केली तर ती घाण कोणाच्या तरी घागरीतच जाते.

गाडीत दोन टाक्या असतात. एक संडासाची, दुसरी मोरी-बेसिनच्या सांडपाण्याची. जागेवर पाईप जोडला म्हणून संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नये. पाणी वाहून जाते आणि घट्ट मैला तळाशी ढीग होऊन वाळतो. मग तो काही केल्या निघत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि मग एकदम पूर्ण उघडावा. त्यानंतर सांडपाण्याची टाकी सोडावी, म्हणजे पाईप आपोआप धुतला जातो. शेवटी संडासाच्या टाकीत आठ-दहा लिटर स्वच्छ पाणी आणि एन्झाइमचे औषध घालून ठेवावे. फॉर्मल्डिहाइडचे औषध, फिनेल आणि ॲसिड सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतात. मालकाने ही गोष्ट आल्याआल्या पाहुण्याला सांगावी. कॅसेट संडास (टाकी बाहेर काढून रिकामी करायचा) असेल तर त्याची अठरा-वीस लिटरची टाकी चौघांत दोन दिवसही पुरत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

जागामालकाने ११० मिलिमीटरच्या एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या) पाईपचे तोंड जमिनीलगत काढावे, खाली पाण्याचा ट्रॅप (पाणी साचून राहणारे वळण) द्यावा, नाहीतर वायू वर येतो. वर आटे असलेले, फिरवून घट्ट बसणारे झाकण हवे. कारण आमच्याकडच्या पावसात उघड्या तोंडातून पाणी शिरले तर सेप्टिक टँक भरून वाहू लागतो. गाडीचा तीन इंची पाईप आणि या तोंडामध्ये रबरी अडॅप्टर बसवावा, नुसता खुपसून ठेवू नये. उतार मीटरला दोन सेंटिमीटर. वळण हवे असेल तर नव्वद अंशांच्या एका एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन बेंड घ्यावेत.

तीन गाड्यांसाठी निदान तीन हजार लिटरचा दोन कप्प्यांचा सेप्टिक टँक लागतो. मोठी टाकी एकदम रिकामी झाली तरी पहिल्या कप्प्यातला गाळ ढवळून पुढे जाता कामा नये. पुढे शोषखड्डा करताना माती बघावी. अथणी-गोकाककडची काळी माती पाणी जिरवत नाही. तिथे खड्डा आठवड्यात तुंबतो, त्याऐवजी खडी-वाळूचा लांब चर आणि त्यावर कर्दळ लावावी. खानापूरच्या जांभ्यात उलटे. तिथे पाणी इतक्या भरभर जिरते की गाळले न जाताच विहिरीत पोहोचते. नेहमीचा नियम विहिरीपासून १८ मीटरचा आहे. जांभ्यात त्याच्या दुप्पट अंतर ठेवावे आणि खड्डा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला घ्यावा. टँक उपसायला माणूस उतरवू नये. असे धोकादायक सफाईकाम करवून घेणे २०१३ च्या, हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतल्या वायूने क्षणात माणूस जातो. सक्शन टँकरच बोलवावा.

सेप्टिक टँक करणे ज्याला परवडत नाही, त्याने मैल्याची सोय देतो असे सांगूच नये. वीज-पाणी द्यावे आणि गाडी रिकामी करायची जागा दाखवावी. पण अशी जागा असायला हवी. बेळगाव महापालिकेने भुयारी गटाराच्या एखाद्या मोठ्या चेंबरपाशी ती करून दिली तर महामार्गाने जाणाऱ्या सगळ्या गाड्यांची सोय होईल. लागणारे सामान फार नाही. गाडी उभी राहील एवढा तोंडाकडे उतरता काँक्रीटचा ओटा, झाकणाचे ११० मिलिमीटरचे तोंड, हात धुवायला साबण, आणि पाईप धुवायला पिण्याच्या नळापासून पूर्ण वेगळा नळ. त्या नळाला पिण्याच्या नळापेक्षा वेगळ्या रंगाची नळी आणि ‘हे पाणी पिऊ नये’ अशी कन्नड, मराठी व इंग्रजीतली पाटी, तीही चित्रासह.

आपले,
वीज व नळकामाच्या व्यवसायातील काही वाचक,
बेळगाव–खानापूर परिसर