अंडकोषाला पीळ पडतो तेव्हा सोनोग्राफीची वाट पाहू नका

संपादक महोदय,

12 ते 18 वर्षांच्या मुलाच्या एका अंडकोषात अचानक जोराची कळ आली, सोबत उलटी झाली, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो पीळच समजावा. वृषणाला (अंडकोषाच्या पिशवीतील गोळीला) रक्त पुरवणारी नाडी पिळली जाते. आधी शिरा दबून सूज येते, मग धमनीही बंद पडते. सहा तासांत पीळ सुटला तर बहुतेक वृषणे वाचतात, बारा तासांनी साधारण निम्मी, चोवीस तासांनंतर क्वचितच एखादे.

हे तास वाया जातात ते अनेकदा घरातच. लाजेपायी मुलगा फक्त ‘पोट दुखते’ म्हणतो. म्हणून पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाची चड्डी काढून तपासणी व्हायलाच हवी. पुढचा वेळ जातो संसर्ग समजून दिलेल्या अँटिबायोटिकमध्ये. संसर्गाचे दुखणे बहुधा हळूहळू वाढते. ताप, लघवीची जळजळ असू शकते. पिळात वृषण वर ओढलेले, कडक, अनेकदा आडवे लागते आणि मांडीच्या आतून बोट फिरवले तरी वर उचलले जात नाही. ही लक्षणे गुण देऊन मोजता येतात: सूज आणि कडकपणा यांना प्रत्येकी 2 गुण. वर चढलेले वृषण, मांडीवर बोट फिरवल्यावर ते न उचलले जाणे आणि मळमळ किंवा उलटी यांना प्रत्येकी 1. सातपैकी पाच झाले की मुलाला थेट ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावे. पीळ अर्धवट असेल तर डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसू शकतो, त्यामुळे नॉर्मल रिपोर्टवर निर्धास्त राहणे धोक्याचे आहे.

गडचिरोली, गोंदियाहून अशा मुलाला नागपूरला ‘मेडिकल’ किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत पाठवायचे म्हणजे तीन-चार तास रस्त्यातच गेले. जिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ आहेत तिथेच हे ऑपरेशन व्हावे, असे आमचे ठाम मत आहे. अंडकोषावर छेद घेऊन पीळ सोडवायचा, वृषण कोमट सलाइनच्या गॉजमध्ये गुंडाळून रंग परततो का ते पाहायचे आणि न विरघळणाऱ्या टाक्यांनी ते आत पक्के करायचे. दुसऱ्या बाजूचेही त्याच वेळी बांधावे, कारण सैल बांधणीचा जन्मजात दोष बहुधा दोन्हीकडे असतो. काळे पडलेले वृषण काढावेच लागते. दुसरे निरोगी असेल तर बाप होण्यात सहसा अडचण येत नाही.

पाठवणे अटळच असेल तर डॉक्टरांनी हाताने पीळ सोडवून पाहावा: आधी वृषण बाहेरच्या, म्हणजे मांडीच्या दिशेने फिरवावे, दुखणे वाढले तर उलट दिशेने. आराम पडला तरी ऑपरेशन चुकत नाही. वाटेत मुलाला चहा-पाणी देऊ नये, भूल द्यायची असते.

आणि पालकांनो, कळ येऊन आपोआप थांबली तरी त्याच दिवशी दाखवा. सुटलेला पीळ पुन्हा पडू शकतो.

– एक शल्यचिकित्सक, नागपूर