चार महिने लपवलेली गोष्ट

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

आज पेसमेकर (हृदयाचे ठोके नीट ठेवणारं यंत्र) बसवून सहा आठवडे झाले. सकाळी डावा हात डोक्यावर नेऊन केस विंचरले. तुझी आई दारात उभी राहून बघत होती.

पण पत्र लिहितोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. दवाखान्यात तू विचारलंस, "बाबा, हे कधीपासून होतंय?" मी म्हणालो, दोन-चार दिवस. ते खोटं होतं. चार महिने जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा न्हाणीघरात क्षणभर शुद्धच गेली. वयाचं असेल, अशी मनाची समजूत घालत राहिलो. खरं तर घाबरलो होतो, आणि तू रजा टाकून धावत येशील याची धास्ती त्याहून मोठी. ईसीजी काढला तेव्हा ठोके मिनिटाला ३४ होते. चुकलं माझं.

अजून लोक विचारतात, ब्लॉक होता तर अँजिओप्लास्टी का नाही? माझ्या रक्तवाहिन्या मोकळ्याच होत्या. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्यांना ठोक्याचा निरोप जातो, तो वाटेत अडत होता. त्यावर माझ्या बाबतीत पेसमेकरच उपाय.

तेवढाच भाग बधिर केला होता, मी जागा होतो. गळपट्टीच्या हाडाखाली दाबल्यासारखं वाटलं, दुखलं नाही. शिरेतून दोन तारा हृदयात सोडल्या. बॅटरीची मात्र मला फार चिंता. तेव्हा डॉक्टरांनी आर्ने लार्सन यांची हकिकत सांगितली. १९५८ साली स्टॉकहोममध्ये शरीराच्या आत बसवायचा जगातला पहिला पेसमेकर त्यांना बसवला आणि तो काही तासांतच बंद पडला. पुढे वीसहून अधिक यंत्रं बदलून ते २००१ पर्यंत, ८६ वर्षं जगले. त्या रात्री मला झोप लागली.

एक चूक घरी आल्यावर केली. तार निसटेल या भीतीनं हात अंगाशी बांधूनच ठेवला आणि खांदा आखडला. खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, एवढंच. खालच्या खाली हलवायलाच हवा होता. मोबाइल यंत्राजवळ नको म्हणून आता उजव्या कानाला लावतो, शर्टाच्या खिशात ठेवत नाही. पेसमेकरचं कार्ड पाकिटात असतं.

यापुढे जे होईल ते त्याच दिवशी तुला सांगणार. जखम लाल झाली, ताप आला, पुन्हा अंधारी आली किंवा उचक्या थांबेनात, तरी. (उचक्यांचं मुद्दाम लिहितोय, तार जागची हलली तर तसंही होऊ शकतं.)

तर काल टाक्यांपाशी खाजत होतं. डॉक्टरांना दाखवलं, काही नाही म्हणाले. तरी कळवतो.

तुझा,
बाबा