सुहास, रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढून बघ

मुंबई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. टर्नटेबल घेतलास, काकांचा जुना रेकॉर्ड प्लेअर, तो फिएस्टाही माळ्यावरून उतरवलास आणि आता १०,००० रुपये घेऊन दोन दिवस मुंबईत रेकॉर्ड धुंडाळायला येतोयस, हे वाचून बरं वाटलं. सगळ्यांत स्वस्त दुकान कुठलं, असं विचारलंयस. त्यावर येतोच, पण आधी हे ऐक: या नादात पैसे बुडतात ते कव्हर बघून खरेदी केल्याने. दुकानदाराने शंभर-दोनशे जास्त लावले तर तोटा तेवढ्यावरच थांबतो. झिजलेली रेकॉर्ड मात्र निम्म्या भावात आणलीस तरी कपाटात पडून राहते. तीच विकायला गेलास की दुकानदार पहिल्यांदा ती बाहेर काढून उजेडात धरतो. तो विकत घेताना जे करतो तेच तूही कर.

१०,००० मधले २,५०० घरीच ठेव. चांगली आतली पाकिटं, डिस्टिल्ड वॉटर, मखमली ब्रश आणि सुईचा भार मोजायचा छोटा डिजिटल काटा यांत ते जातील. काटा चैनीचा वाटेल, पण आधी तोच घे. तुझ्या टर्नटेबलवर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसते तो छोटा भाग) आहे, त्याला २ ग्रॅम भार लागतो. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. हलकी सुई रेकॉर्डवरच्या खाचेत, म्हणजे ग्रूव्हमध्ये, नीट बसत नाही, उसळते आणि भिंतींना ठोकरत जाते. फिएस्टावर मात्र नवी खरेदी वाजवू नकोस. त्या सिरॅमिक कार्ट्रिजचा भार याच्या दुपटीहून जास्त, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या एलपी (३३⅓ वेगाच्या मोठ्या रेकॉर्ड) असल्याच यंत्रांवर घासल्या गेल्यात. त्याची सुई किती जुनी आहे हे काकांनाही आठवत नसेल.

आता दुकानं. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, त्यामुळे काळा घोड्याला उतरून नव्या मालाचा फेरफटका मारायची सोय गेली. नवीन छापलेल्या रेकॉर्ड हव्या असतील तर माहीमला रिव्हॉल्व्हर क्लब, जुन्या मालासाठी फोर्ट आणि चोरबाजारातला मटन स्ट्रीट. मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, म्हणजे तुझे दोन दिवस गुरुवार-शुक्रवार नकोत. पुण्यावरून येणार असशील तर जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे रेकॉर्ड सापडतील तर सापडतील, पण तिथला माल उन्हात मांडलेला असतो आणि एलपीच्या व्हिनाइल प्लॅस्टिकला ऊन म्हणजे विष. दुपारी बाराला डांबरी रस्त्यावर पसरलेली एलपी कितीही स्वस्त असली तरी आधी डोळ्याच्या रेषेत आडवी धर. कड एका जागी वर-खाली होत असेल किंवा सगळी रेकॉर्ड बशीसारखी खोलगट झाली असेल तर परत ठेव. किंचित बशी झालेली वाजते. कडेला छोटा पण उभा उंचवटा असेल तर सुई उडते.

दुकानात शिरल्यावर भिंतीवर लावलेल्या रेकॉर्डकडे आधी जाऊ नकोस. त्यांचे भाव दुकानदाराने विचार करून ठरवलेले असतात. 'नवीन काय आलंय?' एवढंच विचार आणि खाली जमिनीवरच्या खोक्यांकडे वळ. न लावलेल्या मालात भाव अजून पक्का नसतो. खोकं चाळताना दोन्ही हातांनी, कव्हरच्या वरच्या कडेला बोट लावून एकेक पुढे पाड. एका कोपऱ्याला धरून उचललंस की जुनं कव्हर शिवणीवर फाटतं आणि दुकानदाराच्या कपाळावर आठी पडते. आवडलेल्या सगळ्या रेकॉर्डचा ढीग कर, भाव लगेच विचारू नकोस. आणि अमक्याच गायिकेचं हवंय हे दारातच सांगितलंस तर भाव त्या क्षणी चढला असं समज.

कव्हरवरचा नंबर आणि लेबलवरचा नंबर जुळतो का बघ. आपल्याकडे कव्हर एक आणि आत भलतीच रेकॉर्ड हे रोजचं आहे. त्या नंबरातून आणखीही कळतं. एचएमव्हीच्या लांब रेकॉर्डवर ईसीएलपी किंवा ईएएलपी असेल तर ती मोनो, ईसीएसडी किंवा ईएएसडी असेल तर स्टिरिओ. सिनेमाच्या गाण्यांवर बहुधा 'ईसी'ने सुरू होणारे नंबर दिसतात, शास्त्रीयवर 'ईए'ने. मूळ मोनो असलेलं गाणं नंतर ओढूनताणून स्टिरिओ करून पुन्हा छापलेलं असेल, तर त्यात खालचे सूर एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला पळतात आणि गाणाऱ्याचा आवाज मध्ये कुठेच स्थिर राहत नाही. दोन्ही मिळत असतील तर डोळे मिटून मोनो घे. तुझ्या स्टिरिओ कार्ट्रिजवर ती व्यवस्थित वाजते.

नंतर रेकॉर्ड बाहेर काढ. कडा आणि लेबल यांनाच हात लागू दे. डोक्यावरची ट्यूबलाइट नुसती चमक दाखवते. मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी तिरपा मार. केसासारखे वरवरचे ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाचं टोक हलकेच फिरवल्यावर जाणवणारा ओरखडा मात्र वाजणारच: ३३⅓ वेगाची रेकॉर्ड एक फेरी १.८ सेकंदांत घेते, म्हणजे दर १.८ सेकंदांनी 'टक'. ओरखडा अर्धा इंच रुंद पसरला असेल तर एक अख्खं गाणं गेलं. ओरखडे नसूनही पृष्ठभाग राखाडी, मंद दिसत असेल तर ती झीज आहे, आणि झीज धुऊन जात नाही. मधल्या भोकाभोवती लेबलवर पांढरट रेघांचं जाळं असेल तर रेकॉर्ड कित्येकदा चढवली-उतरवली गेली आहे. फार चकचकीत दिसली तर बोट लावून वास घे. विकण्याआधी तेलाचा हात फिरवलेली असू शकते. ते तेल तुझ्या सुईवर धूळ गोळा करतं.

मुंबईच्या हवेत बुरशीही लागते. पांढरे ठिपके आणि कुबट वास आला तर ग्रूव्ह चांगली असल्याशिवाय घेऊ नकोस. घेतलीस तर बाकीच्यांपासून वेगळ्या पिशवीत ठेव आणि धुतल्याशिवाय वाजवू नकोस.

दुकानात टर्नटेबल असेल तर ऐकवायला सांग, पण अख्खी बाजू ऐकत बसू नकोस. दोनच जागा ऐकायच्या. बाहेरच्या कडेचं पहिलं अर्धं मिनिट, कारण धूळ आणि वाकडेपणा तिथे आधी कळतो. मग थेट शेवटच्या गाण्याचा शेवट. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर ग्रूव्ह सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच सुरासाठी जागा निम्म्याहून कमी उरते, म्हणून झीज पहिल्यांदा तिथे बोलते. वरच्या पट्टीतला ताणलेला स्वर, हार्मोनियमचा तार सप्तक, 'स' आणि 'श' ही अक्षरं फाटल्यासारखी, चरचरीत आली तर बाहेरची गाणी कितीही गोड असोत, ती रेकॉर्ड झिजलेली आहे. साधी खरखर आणि टिकटिक धुतल्यावर बरीच कमी होते. चरचर मात्र कमी होत नाही. हा फरक कानात बसला की तुझे निम्मे पैसे वाचले.

दर्जाच्या खुणा परदेशी आहेत, पण आपले दुकानदारही वापरतात. निअर मिंट (जवळजवळ कोरी), मग व्हीजी प्लस, मग व्हीजी (व्हेरी गुड), मग गुड. 'गुड' या शब्दाला भुलू नकोस, तिथे प्रत्येक मिनिटाला खरखर असते. सर्वसाधारण हिशेब असा की व्हीजी प्लसला निअर मिंटच्या निम्मा भाव आणि व्हीजीला पाव. ऑनलाइन याद्यांवरचे आकडे बघ, पण कुठल्या दर्जाला तो भाव आलाय तेही बघ. दुकानदाराच्या नाकासमोर मोबाइल धरून बघू नकोस. त्यात शिष्टाचाराचा भाग थोडा. व्यवहाराचा जास्त, कारण तोही लगेच स्वतःचा मोबाइल काढतो.

भाव कशाला आहे आणि कशाला नाही हेही लक्षात घे. राहुलदेव बर्मन आणि कल्याणजी-आनंदजींच्या सत्तरच्या दशकातल्या एलपींवर परदेशातल्या डीजेंचाही डोळा आहे, म्हणून त्या महाग. नाट्यगीतं, भावगीतं, अभंग यांना तो गिऱ्हाईक नाही. माझं विचारशील तर ७,५०० पैकी निदान ४,००० इकडे घाल. जुन्या भावगीतांच्या पाच सुबक ईपी (छोट्या, सात इंची रेकॉर्ड) मिळतील त्या पैशांत सिनेमाची एक घासलेली एलपी येते. निवडक गाण्यांच्या संकलनांपासून जप: तीच आठ गाणी वेगवेगळ्या कव्हरांत पुन्हा पुन्हा येतात. मोबाइलमध्ये नंबरांची यादी ठेव, म्हणजे दुबार खरेदी टळेल.

शेवटी ढीग समोर घेऊन बस आणि त्यातला निम्मा परत ठेव. उरलेल्याचा एकत्र भाव विचार. एकेका रेकॉर्डवर घासाघीस केलीस तर दुकानदार प्रत्येकीवर दहा-वीस रुपये सोडतो. सहा-सात एकदम घेतोस म्हटल्यावर तो आकडा गोल करतो. खराब रेकॉर्डवर बोट ठेवून भाव पाडायला जाऊ नकोस. ती सरळ बाजूला काढ, त्यालाही कळतं की तू बघतोयस, आणि पुढच्या खेपेला तो आधीच चांगला माल पुढे करतो.

नवीन छापील रेकॉर्ड घेतलीस तर बिल जपून ठेव आणि घरी गेल्या गेल्या फोडून बघ. घट्ट प्लॅस्टिकात गुंडाळलेली नवी रेकॉर्डही वाकलेली निघते. कधी छापताना व्हिनाइल ग्रूव्हमध्ये पूर्ण भरत नाही, आणि एखाद्या जागी कापड फाटल्यासारखा आवाज येतो. तो दोष धुऊन जात नाही, बदलूनच घ्यावी लागते. जुन्या भारतीय एलपीवर चकचकीत प्लॅस्टिक दिसलं तर मात्र कोरी आहे असं धरून चालू नकोस. ते प्लॅस्टिक गेल्या आठवड्यातलंही असू शकतं.

बाल गंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई यांच्या ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड, तुला खुणावणार हे मला माहीत आहे. दहा इंची ७८ ची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन आणि आपल्या मुंबईचं यंग इंडिया ही लेबलं जास्त दिसतील. घ्यायच्या आधी टर्नटेबलला ७८ चा वेग आहे का ते बघ. बऱ्याच बेल्ट-ड्राइव्ह (पट्ट्याने फिरणाऱ्या) टर्नटेबलवर नसतो. एलपीची सुई इथे चालत नाही, ती ७८ च्या रुंद ग्रूव्हच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर येते. तुझ्या कार्ट्रिजच्या बॉडीवर व्हीएम९५एसपीची ३ मिलची (इंचाच्या तीन हजारांशाची), ७८ साठीची रुंद सुई बसते, मात्र भार ५ ग्रॅम करावा लागतो. एलपीकडे परत येताना सुई आणि भार दोन्ही बदलायला विसरलास तर एलपीचं नुकसान. ७८ विकत घेताना भोकात बोट घालून लटकती धर आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजव, माठ वाजवून घेतो तशी. ठणठणीत आवाज आला तर ठीक, बद आला तर कुठेतरी केसाएवढी भेग आहे. चोरबाजारात पितळी कर्ण्याचे चकाकणारे ग्रामोफोन दिसतील. त्यातले पुष्कळसे अलीकडे जुळवलेले असतात. दिवाणखान्यात शोभेला ठेव, त्यावर रेकॉर्ड वाजवू नकोस, एलपी तर मुळीच नाही.

परतीच्या प्रवासात रेकॉर्ड उभ्याच ठेव, मध्ये पुठ्ठा घालून, आणि गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. घरी धुताना एलपीसाठी चार भाग डिस्टिल्ड वॉटरला एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या साध्या द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब. लेबल कोरडं ठेव, ब्रश ग्रूव्हच्या दिशेने फिरव, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धू, नाहीतर साबणाचा थर सुकून तोच खरखरतो. ताटाळ्यात उभी सुकव आणि नव्या पाकिटात घाल. जुन्या पाकिटातली धूळ पुन्हा तिलाच लागते. ७८ ला अल्कोहोलचा थेंबही लावू नकोस. ती लाखेची, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तिला फक्त पाणी आणि साबण, तेही झटपट.

कपाटाचंही बघ. फूटभर फळीवर ७०-८० एलपी बसतात आणि वजन २० किलोच्या आसपास जातं, म्हणून प्लायवुडची पातळ फळी खाली वाकते. मधे आधार घे आणि रेकॉर्ड तिरक्या टेकून ठेवू नकोस.

शनिवार-रविवार ये. शनिवारी सकाळी फोर्ट, दुपारनंतर मटन स्ट्रीट, माहीम रविवारी. टॉर्चसाठी मोबाइल चार्ज करून आण, कापडी पिशवी मजबूत आण, आणि २,५०० घरीच राहिलेत ना, ते निघताना वहिनींना विचारून खात्री करून घे. त्यांना आणि काकांना नमस्कार.

तुझा,
अनंत