फुलांच्या देवीचा माग

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

शोचिकेत्साल या फुलांच्या देवीला अ‍ॅझ्टेकांची, म्हणजे मेक्सिकोतल्या त्या प्राचीन लोकांची, रती म्हणावे काय, असे तू विचारले आहेस. माझ्या मते म्हणू नये, कारण तसे म्हटले की तिच्या हातचा माग सुटतो. आणि तू स्वतः मागावर बसणारा, तेव्हा ते आधी तुलाच खटकेल.

अ‍ॅझ्टेकांच्या नाउआत्ल भाषेत शोचित्ल म्हणजे फूल. (आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, आणि त्याच्या तिथल्या नावाचा अर्थ 'वीस फुले'.) केत्साल म्हणजे एका हिरव्याकंच पक्ष्याचे मौल्यवान पीस. प्रणय, सौंदर्य आणि गर्भधारणा तिच्याकडे होतीच, पण कातणाऱ्या-विणणाऱ्या स्त्रिया, चित्रकार, सोनार, मूर्तिकार हे सारे तिलाच भजत. या दोहोंचा सांधा मला एका कोड्यात सापडला. सोळाव्या शतकात सहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने ते टिपून ठेवले. त्याचा आशय असा, की नाचता नाचता जिला दिवस जातात ती कोण? उत्तर आहे सूत कातायची चाती. लहानशा वाडग्यात गरगर फिरताना सुताने तिचे पोट फुगत जाते, हे त्या बायकांनी रोज पाहिले होते.

त्लासोलतेओत्ल या दुसऱ्या देवीच्या तर शिरोभूषणातच कापूस आणि चात्या असतात. ती वासनेला उद्युक्त करणारी आणि त्या वासनेचा मळ गिळून टाकणारीही. मात्र तिच्यापुढे पापांची कबुली आयुष्यात एकदाच देता येई, म्हणून लोक म्हातारपणापर्यंत थांबत. फुलांचा एक देवही त्यांच्यात होता, 'फुलांचा राजपुत्र' शोचिपिल्ली; त्याची त्लालमानाल्को येथे मिळालेली, अंगभर फुले कोरलेली मूर्ती मेक्सिको सिटीच्या संग्रहालयात आहे.

एक गोष्ट मात्र लपवावीशी वाटत नाही. दुरान या डोमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशक लेखकाने शोचिकेत्सालच्या सणाचे वर्णन केले आहे. हिमकडाका पडून फुले करपण्याआधी त्यांना निरोप देण्याचा तो सण असे. त्यात देवीच्या रूपातील स्त्रीचा बळी देऊन तिची कातडी एका पुरुषाला पांघरायला देत, त्याला मागापुढे बसवून विणण्याचा आविर्भाव करायला लावत, आणि त्याच्यासमोर सारे कारागीर प्राण्यांची सोंगे घेऊन, आपापली हत्यारे हातात धरून नाचत. ते वाचल्यापासून तो माग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र